खाडाखोडीला एक गुण

डोंबिवली पूर्वेच्या त्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवायला लागले, त्याच आठवड्यातली गोष्ट. डबा खाताना मी सहज विचारलं, "परवाच्या मीटिंगचं काही कळलं का?"

समोर एक सावळ्या, उंच बाई बसल्या होत्या. केसांचा घट्ट अंबाडा, मनगटावर पुरुषी घड्याळ. घास हातातच ठेवून त्यांनी विचारलं, "झालेल्या की व्हायच्या?"

"व्हायच्या. मराठीत परवा दोन्हीकडचा असतो ना," मी म्हटलं. "परवा गेले, परवा जाणार. क्रियापद आलं की कळतं."

त्यांनी घास डब्यात परत ठेवला. "पन्नाशी आली माझी. रोज हा शब्द वापरते. कधी लक्षातच आलं नाही." मग त्या म्हणाल्या, "काल आणि उद्या मात्र वेगवेगळे आहेत, नाही का? म्हणजे जवळचं असेल तर दिशा नीट कळते. जरा लांब गेलं की आधीचं आणि नंतरचं सारखंच." मग घंटा झाली. डबा तसाच टाकून त्या वर्गावर गेल्या, आणि नंतर मुलांकडून कळलं, की त्या दिवशी बारावीच्या फिजिक्सच्या तासाला फळ्यावर मधोमध मोठ्या अक्षरांत ‘परवा’ असं लिहिलेलं होतं.

या गायकर मॅडम. पुढची बारा वर्षं आम्ही त्या एकाच टेबलाशी बसलो. मी त्यांना मॅडम म्हणायची, त्या मला बाई म्हणायच्या. "मराठीच्या बाईंना फिजिक्समधलं सगळ्यात कठीण प्रकरण आधीच येतं," असं त्या नव्या शिक्षकांना माझी ओळख करून देताना सांगत. ते कठीण प्रकरण म्हणजे काळ. काळ पुढेच का जातो, मागे का येत नाही, हा प्रश्न त्यांना एखाद्या जुन्या दुखण्यासारखा लागलेला होता. अभ्यासक्रमात त्यावर जेमतेम दीड पान होतं. मॅडम त्यावर आठवडा घालवायच्या आणि मग उरलेला पोर्शन शनिवारी जादा तास घेऊन पुरा करायच्या.

घर मानपाड्याला. शेतं औद्योगिक वसाहतीत गेली त्यालाही जमाना झाला होता, पण घरातली बोली गेली नव्हती. वर्गात पुस्तकी मराठी बोलणाऱ्या मॅडम दुपारी आईला फोन लावायच्या तेव्हा आवाजच बदलायचा. "आये, जेवलीस का? नाय? का नाय? पानी तरी पी." फोन ठेवला, की परत शुद्ध भाषेत, "बाई, खडू आहे का तुमच्याकडे जादा?" लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यांचा तो आठवडा मी एकदा मागच्या बाकावर बसून पाहिला होता. माझा ऑफ तास होता, वर्ग अकरावीचा. मॅडमनी आधी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. दोऱ्याला टांगलेला गोळा इकडून तिकडे झुलतोय. मग तोच व्हिडिओ उलटा चालवला.

"कुठला सुलटा, कुठला उलटा? हात वर करा."

अर्धे हात पहिल्याला, अर्धे दुसऱ्याला. कुणालाच सांगता येईना, कारण दोन्ही अगदी सारखे दिसत होते. मग त्यांनी दुसरा व्हिडिओ लावला. टेबलावर चहा सांडलेला. तो हळूहळू गोळा होतो, आडवा कप उठून उभा राहतो, चहा त्यात शिरतो. वर्ग खो खो हसला.

"का हसलात?"

"मॅडम, असं होतं का कधी!"

"का नाही होत? चहाचा एकेक कण घ्या. तो जसा सुलट जातो तसा उलटही जाऊ शकतो. नियम एकही मोडलेला नाही. मग हसलात का?"

वर्ग गप्प झाला. मॅडम त्या शांततेत मजेत उभ्या होत्या. ही शांतता त्यांना फार आवडायची. मग त्यांनी सांगितलं, की चहा सांडण्याच्या तऱ्हा कोट्यवधी असतात आणि तो कपात नीट असण्याच्या अगदी थोड्या. कुणी ढकललं नाही तरी गोष्टी थोड्यांकडून पुष्कळांकडे जातात. आपण ज्याला ‘पुढे’ म्हणतो ते बहुधा तेच. "बहुधा म्हणतेय मी. लिहून घेताना बहुधा गाळू नका."

मग त्यांनी काचेच्या ग्लासात खडेमीठ टाकलं, चमच्याने ढवळलं. "गेलं. आता परत येईल?"

"नाही," वर्ग एकसुरात म्हणाला.

तिसऱ्या बाकावरून एक मुलगी उठली. बारीक अंगाची, दोन वेण्या. "येईल ना मॅडम. पाणी उन्हात ठेवलं तर मीठ खाली राहील."

ही रेश्मा. टिटवाळ्याहून यायची. मॅडमचा चेहरा उजळला. त्या वर्गाला म्हणाल्या, "ही एकटी वर्गात आहे, बाकीचे फक्त बसलेत." आणि त्यांनी आपल्या आईच्या वडलांची हकिकत सांगितली. आजोळ बाळकुमचं. आजोबा खाडीकाठच्या मिठागरावर होते. खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि उन्हाळाभर आटवायचं. आजोबांच्या तळपायांना भेगा पडून पडून ते लाकडासारखे झाले होते. "विरघळलेलं परत आणता येतं, रेश्मा म्हणते ते खरं. पण आपोआप येत नाही. एक अख्खा उन्हाळा खर्चावा लागतो आणि एका माणसाचे पाय."

त्या दिवसापासून रेश्मा त्यांची लाडकी झाली. त्यांनी ते उघड कधी दाखवलं नाही, पण स्टाफरूममध्ये आठवड्यातून दोनदा तरी तिचा विषय निघायचा. "आज रेश्माने काय विचारलं माहितीये?" म्हणून तर पुढचं जे झालं ते मला अजून नीट उलगडत नाही. कदाचित लाडक्या माणसावरच आपण जास्त कडक होतो.

सप्टेंबरात प्रॅक्टिकलची जर्नल्स तपासताना मॅडमना दोन जर्नल्स शब्दाशब्दाने सारखी सापडली. लंबकाचा प्रयोग. दोऱ्याची लांबी बदलत जायची आणि प्रत्येक वेळी गोळ्याच्या वीस फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं. दोन्ही जर्नलांत नव्वद सेंटिमीटरला छत्तीस पूर्णांक दोन लिहिलेलं. यायला हवेत अडतीस. मॅडमना चूक लगेच कळली. गोळा सोडतानाच ‘एक’ म्हटलं, की वीसऐवजी एकोणीसच फेऱ्या मोजल्या जातात. पण दोन मुलांनी एकाच ठिकाणी तीच चूक करायची, आणि आकडाही दशांशापर्यंत तोच? एकाने दुसऱ्याचं उतरवलं होतं, हे नक्की.

एक जर्नल रेश्माचं. दुसरं पहिल्या बाकावरच्या एका मुलाचं, दहावीला शाळेत पहिला आलेला. त्याचं नाव मी लिहीत नाही. मॅडमनीही नंतर कधी घेतलं नाही.

त्यांनी दोघांना वर्गात उभं केलं. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, मी तिला बघायला दिलेलं." इतकंच. रेश्मा म्हणाली, "नाही मॅडम, मी केलेलं ते. मी स्वतः केलेलं. तुम्ही बघितलेलं."

"मी चाळीस जणांचं बघते," मॅडम म्हणाल्या. "चोरी करायची तर निदान चूक तरी स्वतःची करायची."

वर्ग हसला. हे वाक्य मला मॅडमनीच स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं, थोड्या रागात, थोड्या समाधानात. मीही हसले होते, हे कबूल करायला हवं.

त्यांनी सही दिली नाही. सगळं जर्नल नव्याने लिहून आण म्हणाल्या. रेश्मा दुसऱ्या दिवशी आली नाही, आणि पुढच्या आठवड्यातही नाही. मग ऑफिसातून कळलं, की तिच्या वडलांनी दाखला काढून नेला आणि तिला कल्याणच्या एका कॉलेजात कॉमर्सला घातलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "पळाली." पण त्यानंतर त्यांनी तिचा विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही.

दिवाळीच्या सुटीनंतर लॅब आवरायला काढली होती. मी त्यांना हाक मारायला गेले तेव्हा त्या स्टुलावर बसल्या होत्या. समोर ड्रॉवर उघडा, हातात एक पेन्सिलीने भरलेला कागद. मी दोनदा हाक मारली. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.

प्रयोग करताना मुलं आकडे आधी सुट्या कागदावर घेतात. तो रफ कागद होता. वर रेश्माचं नाव आणि रोल नंबर. नव्वद सेंटिमीटरच्या ओळीत एक आकडा खोडलेला, त्याच्यापुढे दुसरा, तोही खोडलेला, मग छत्तीस पूर्णांक दोन. त्याभोवती गोल आणि बाजूला बारीक अक्षरात, ‘परत मोजायचे. बेल झाली.’ आणि सगळ्यात खाली, लाल पेनने, तारखेसकट मॅडमचीच सही.

त्यांनी हजेरीपट काढला. त्या तारखेला तो मुलगा आलेलाच नव्हता.

"दोन सारख्या वह्या," त्या म्हणाल्या. "आधीची कुठली आणि नंतरची कुठली, ते वह्यांवरून कळणं शक्यच नव्हतं. हेच शिकवते ना मी? खूण शोधावी लागते. आणि खूण माझ्याच ड्रॉवरमध्ये, माझ्याच सहीची. ती सांगत होती, तुम्ही बघितलेलं म्हणून." कागदावरचा हात त्यांनी बराच वेळ काढला नाही. "मी मार्क बघून दिशा ठरवली, बाई."

त्या रविवारी आम्ही दोघी टिटवाळ्याला गेलो. मला त्यांनी बरोबर का नेलं कोण जाणे. वाटेत त्यांनी एकच गोष्ट विचारली, "मी काय बोलले की तिला बरं वाटेल?" मी म्हटलं, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "तरी तुम्ही मराठीच्या."

नव्या इमारतींच्या मागे एक बैठी चाळ होती. रेश्माच्या आईने दार उघडलं, घाबरूनच. पलंगावरचे कपडे बाजूला करून आम्हाला बसवलं. रेश्मा आतून आली तशा मॅडम उठून उभ्या राहिल्या. शिक्षक विद्यार्थ्यासाठी असा उभा राहिलेला मी तेव्हा प्रथम पाहिला. रेश्माही गोंधळली.

"हे तुझं आहे," मॅडमनी कागद पुढे केला. "खाली माझी सही आहे. तू खरं सांगत होतीस. मी ऐकलं नाही. मी चुकले, आणि चाळीस जणांसमोर चुकले."

रेश्माने कागद घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. तिची आई म्हणाली, "जाऊ द्या हो मॅडम, पोरं आहेत, होतं असं."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "जाऊ नका देऊ."

"मी आता काय करू या कागदाचं?" रेश्माने विचारलं. ती रागाने बोलली नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मॅडम म्हणाल्या, की ती परत सायन्सला येणार असेल तर त्या प्राचार्यांशी बोलतील, रविवारी स्वतः इथे येऊन राहिलेलं सगळं शिकवतील.

"नको मॅडम. फिजिक्सचं पुस्तक बघितलं ना, की वर्गातलं हसणंच ऐकू येतं मला आता." मग तिला वाईट वाटलं असावं. "कॉमर्सला मैत्रिणी झाल्यात माझ्या," ती म्हणाली.

आईने आग्रहाने चहा केला. आम्ही तो प्यायलो. स्टेशनवर परत येताना मॅडम म्हणाल्या, "माफ कर असं मी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का?"

"का नाही म्हटलंत?"

"ते मागणं झालं असतं. मी द्यायला गेले होते."

सोमवारी सकाळी प्राचार्यांनी त्यांना समजावलं. वर्गात काही बोलू नका, पालक येतील, उगाच गाजावाजा होईल. मॅडम शांतपणे ऐकून वर्गावर गेल्या आणि सांगितलं, की सप्टेंबरात याच खोलीत त्यांनी रेश्माला चोर म्हटलं, ते खोटं होतं, पुरावा त्यांच्याच ड्रॉवरमध्ये होता आणि त्यांनी तो बघितला नाही. खरी चोरी कुणाची हे त्यांनी सांगितलं नाही. पहिल्या बाकावरचा मुलगा वहीत काहीतरी लिहीत राहिला. पुढे त्याला चांगले मार्क पडले आणि तो कुठेतरी इंजिनिअरिंगला गेला. त्याने कधी काही कबूल केलं की नाही, मला माहीत नाही.

मॅडमच्या लॅबमध्ये मात्र त्या दिवसापासून खोडरबर बंद झाला. जर्नलमध्ये आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता यायला हवा. आणि अशी प्रामाणिक खाडाखोड असेल तर एक गुण जादा. मुलांनी आधी चेष्टा केली, मग काही हुशार पोरांनी मुद्दाम खोट्या खाडाखोडी केल्या. त्या मॅडम बरोबर ओळखायच्या. "खोटी खाडाखोड फार सुबक असते," म्हणायच्या. बोर्डाच्या परीक्षेला बाहेरून आलेले एक परीक्षक जर्नल्सची ती अवस्था बघून वैतागले. "मॅडम, काय हे? इतकी घाण?"

"सर, स्वच्छ कागदावरून आधी काय नि नंतर काय हे कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "एकदा फसलेय मी."

त्यांच्या निवृत्तीचा समारंभ कॉलेजच्या हॉलमध्ये झाला. शाल, नारळ, भाषणं. सगळे चांगलंच बोलत होते. माजी विद्यार्थ्यांपैकी कुणाला बोलायचंय का, असं विचारल्यावर मागून एक तरुण बाई पुढे आली. कल्याणच्या एका कुरिअर कंपनीत ती नोकरीला होती, गळ्यात अजून तिथलं ओळखपत्र होतं. दोन वेण्या नव्हत्या म्हणून मला ओळखायला वेळ लागला. तिला कुणी बोलावलं होतं, मला माहीत नाही.

रेश्माने माइक धरला. "मॅडमनी माझं नुकसान केलं," ती म्हणाली. "आणि मॅडम माझ्या घरी आलेल्या. दोन्ही खरं आहे. एकामुळे दुसरं पुसलं नाही. पण मी त्यांना विसरले नाही, आणि मला वाटतं त्याही मला विसरल्या नाहीत. बस." ती खाली उतरली. प्राचार्यांनी घाईने पुढचं नाव पुकारलं. मी मॅडमकडे पाहिलं. दिवसभरात तेवढ्या एकाच भाषणाला त्यांनी मान हलवून दाद दिली होती.

आई गेल्यावर आणि स्वतःची तब्येत बिघडल्यावर मॅडम भाचीकडे राहायला गेल्या, बाळकुमला, एका टॉवरच्या सतराव्या मजल्यावर. आजार पोटाचा होता आणि डॉक्टरांनी फारशी आशा ठेवली नव्हती. मी शेवटची गेले ती मार्चमधल्या एका दुपारी. त्या बाल्कनीत खुर्चीवर बसल्या होत्या. अंबाडा गेला होता, डोक्याला सुती रुमाल बांधलेला. मनगटावरचं घड्याळ सैल होऊन कोपरापर्यंत सरकत होतं, आणि त्या ते सारखं खाली ओढत होत्या.

एका दिवाळी अंकात मी वाचलं होतं, की काही शास्त्रज्ञांच्या मते काळ वाहतच नाही. होऊन गेलेलं आणि व्हायचं असलेलं सगळं कायम असतं, फक्त आपण जिथे असतो तेवढंच आपल्याला दिसतं. म्हणजे गेलेलं माणूस खरं तर कुठे जात नाही. मी ते त्यांना सांगितलं, धीर द्यायला म्हणून.

"आहे तसं एक मत," त्या म्हणाल्या. "आई गेली तेव्हा मीही त्याला धरून बसले होते चार दिवस. आई तिकडे आहे, जेवतेय, पाणी पितेय. छान वाटतं. पण बाई, त्यातलं सोयीचं तेवढंच नाही उचलता येत. आई आहे, तर मी रेश्माला उभं केलं ती सकाळही आहे. अजून आहे. ती अजून उभीच आहे तिथे आणि वर्ग हसतोय."

मीही हसले होते, हे मला आठवलं. "मग टिटवाळ्याची दुपारही आहेच," मी म्हटलं.

त्यांनी घड्याळ मनगटावर ओढलं. "हो. तीही आहे. चहात साखर जास्त होती." मग म्हणाल्या, "हे मत खरं असेल तर मला चालेल. आणि खोटं असेल तरी चालेल. आधी नाही चालायचं."

निघताना त्या म्हणाल्या, "खाली गेलात की वर बघा, मी हात करते." मी खाली उतरले, रिक्षा थांबवली, वर पाहिलं. सतरावा मजला कुठला ते मोजता मोजता मान दुखायला लागली. एका बाल्कनीत काहीतरी हललं, म्हणून मी जोरजोरात हात केला. रिक्षा निघाली आणि फोन वाजला.

"बाई, कुणाला हात करत होतात? तो शेजाऱ्यांचा टॉवेल आहे. मी डावीकडे. मागे वळून बघा आता. दिसले का?"

मी रिक्षातून वाकून मागे पाहिलं. वळण आलं होतं, मध्ये दुसरी इमारत आली होती, काहीच दिसत नव्हतं.

"दिसलात, दिसलात," मी म्हटलं.

"खोटं," पलीकडून आवाज आला. "मी तर फोन लावायच्या आधीच आत येऊन पडलेय." आणि त्या हसायला लागल्या, वर्गात कुणाला बरोबर पकडल्यावर हसायच्या तशा. मीही हसत सुटले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. हसता हसता त्यांना खोकला आला, भाचीने फोन घेतला असावा, पण तिने तो लगेच बंद केला नाही, आणि रिक्षा पुलावर चढेपर्यंत मला मागे त्यांचं हसू ऐकू येत होतं.